उंचीमुळे नाकारल्या गेलेल्या गोलरक्षकाच्या वडिलांस

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपला सोळा वर्षांचा मुलगा यंदा दहावी उत्तीर्ण झाला असून कोल्हापुरातील एका तालमीच्या कुमार संघात तो गोलरक्षक म्हणून खेळतो. एका व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीत उंची कमी असल्याचे सांगून त्याला परत पाठवण्यात आले, तरीही ‘आधी कीपर, मग मोठ्या संघाचा मॅनेजर’, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, हा त्याचा हट्ट कायम आहे. शिरोली एमआयडीसीत आपले लेथचे छोटे वर्कशॉप असल्याने त्याने आयटीआय करावे अशी आपली इच्छा आहे, आणि त्याला मात्र तो फुटबॉल बंद करण्याचा डाव वाटतो. गोलरक्षक कधी मॅनेजर होतो का, आणि त्या वाटेला लागण्यासाठी हातचे शिक्षण सोडावे लागते का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर, होतो. पण थोडे होतात. 1993 साली मार्सेलला युरोपचा चषक जिंकून देणारे बेल्जियमचे रेमाँ गोथाल्स हे गोलरक्षक होते. 2020 साली सेव्हियाला युरोपा लीग जिंकून देणारे हुलेन लोपेतेगी आणि वुल्व्ह्ज या इंग्लिश क्लबला पुन्हा प्रीमियर लीग या तेथील सर्वोच्च श्रेणीत आणणारे नुनो एस्पिरितो सांतो हेही गोलरक्षकच, आणि या दोघांची मोठ्या क्लबांतील बरीच वर्षे राखीव बाकावर गेली. परंतु आपल्या मुलाने नीट अभ्यासावा असा माणूस माझ्या मते इटलीचे दिनो झॉफ हा आहे, कारण आपल्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्या आयुष्यात येऊन गेलेली आहे.

झॉफ यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1942 रोजी ईशान्य इटलीतील मारियानो देल फ्रिउली या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन्ही बलाढ्य क्लबांच्या चाचण्या दिल्या, आणि दोन्हीकडून उंची कमी म्हणून नकार आला. आजीने रोज भरपूर अंडी खायला घातली आणि नातू वाढला, अशी कथा त्यांच्याबद्दल हमखास सांगितली जाते. अंड्यांचे श्रेय किती आणि वयाचे किती हे वाचकाने ठरवावे. पुढे त्यांची उंची 182 सेंटिमीटर झाली, म्हणजे आजच्या मोजमापाने गोलरक्षक म्हणून मध्यमच. आपणास अधिक महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. फुटबॉलमध्ये जम बसण्यापूर्वी त्यांनी मोटार मेकॅनिकचे काम शिकून घेतले होते. ज्या मुलाला पुढे जगज्जेत्या संघाचे कर्णधारपद मिळाले, त्याचे हात आधी इंजिनाच्या तेलाने काळे झाले होते, आणि त्यामुळे त्याच्या गोलरक्षणात काही उणे आले नाही.

मैदानावरची सुरुवातही दिपवणारी नव्हती. 1961 साली उदिनेसेकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी फिओरेंतिनाविरुद्ध पाच गोल पत्करले आणि त्या हंगामाअखेर तो क्लब खालच्या श्रेणीत घसरला. तेथून मांतोव्हा, मग नापोली, आणि राष्ट्रीय संघात प्रवेश थेट 1968 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्याच वर्षी इटलीने युरोपियन स्पर्धा जिंकली, तरी 1970 च्या विश्वचषकात संघव्यवस्थापनाने एन्रिको अल्बेर्तोसी यांना पसंती दिली आणि झॉफ राखीव राहिले. ज्या युव्हेंटसने त्यांना पोरवयात नाकारले होते, त्याच क्लबने 1972 साली, तीस वर्षांच्या झॉफना बोलावले. तेथे त्यांनी अकरा हंगामांत सहा वेळा लीग जिंकली. 1972 ते 1974 या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग 1142 मिनिटे त्यांच्यावर गोल झाला नाही, आणि तो क्रम अखेर हैतीच्या इमान्युएल सानोनने मोडला. 1978 च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि ब्राझीलच्या खेळाडूंनी लांबून मारलेल्या फटक्यांवर गोल झाले, तेव्हा छत्तीस वर्षांच्या या माणसाचे आता संपले, असे इटालियन वृत्तपत्रांनी जवळपास ठरवूनच टाकले होते.

चार वर्षांनी, 5 जुलै 1982 रोजी, बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटली ब्राझीलविरुद्ध 3-2 असा पुढे होता आणि शेवटची मिनिटे चालू होती. डावीकडून आलेल्या फ्री किकवर ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने जोरदार चेंडू गोलकडे वळवला. झॉफ यांनी झेप घेतली आणि चेंडू ढकलून न देता गोलरेषेवरच दोन्ही हातांखाली दाबून धरला. हा प्रसंग मुलासोबत बसून व्हिडिओवर पाहावा, आणि झेपेपेक्षा झेपेनंतरची दोन सेकंदे पाहावीत. ब्राझीलचे खेळाडू गोल झाल्याचा दावा करीत हात वर करत असताना झॉफ चेंडू जागचा हलवत नाहीत. तो जरा जरी मागे घेतला असता तर पंचांच्या मनात शंका उभी राहिली असती. झेप ही सरावाने येते. त्या गोंगाटात पंचाला काय दिसत असेल याचा विचार करणे हे मात्र संघ सांभाळणाऱ्या माणसाचे लक्षण आहे. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला 3-1 असे हरवून चाळिशीतल्या झॉफ यांनी विश्वचषक उचलला.

येथपर्यंतची गोष्ट आपल्या मुलाला ठाऊक असेलच. त्याला ठाऊक नसलेला भाग 1983 पासून सुरू होतो, आणि करिअरचा विचार करताना मला तोच अधिक मोलाचा वाटतो. त्या वर्षी युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात हॅम्बुर्गकडून पराभव झाल्यानंतर झॉफ निवृत्त झाले. विश्वविजेता कर्णधार, 112 आंतरराष्ट्रीय सामने, तरी कोणी त्यांना लगेच मोठ्या संघाची खुर्ची दिली नाही. आधी युव्हेंटसमध्ये गोलरक्षकांचे प्रशिक्षक, मग 1986 पासून इटलीचा ऑलिम्पिक संघ, ज्याला त्यांनी सोलच्या स्पर्धेसाठी पात्र करून दिले, आणि त्यानंतर 1988 साली युव्हेंटसचे मुख्य प्रशिक्षकपद. म्हणजे पाच वर्षे दुसऱ्या धंद्याची उमेदवारीच.

ही उमेदवारी गोलरक्षकाला इतरांपेक्षा अधिक लागते, याचे कारण सरावाच्या रचनेतच आहे. सामन्यात संपूर्ण मैदान समोर दिसणारा, बचावफळीला जागा सांगणारा, फ्री किकच्या वेळी भिंत उभी करून घेणारा तोच असतो, त्यामुळे खेळ वाचण्याची सवय त्याला लवकर लागते. परंतु आठवड्याचा बराच सराव तो संघापासून दूर, मैदानाच्या एका कोपऱ्यात, स्वतंत्र प्रशिक्षकाबरोबर करतो. मधली फळी चेंडू कसा फिरवते, प्रतिस्पर्ध्याला दबावात घेण्याचा सराव कसा आखतात, थकलेल्या आघाडीपटूला कधी बदलायचे, यातले फार थोडे त्याच्या अंगवळणी पडते. म्हणून क्लबही गोलरक्षकाला सहजपणे गोलरक्षक-प्रशिक्षक करतात आणि तेथेच ठेवतात. हा आकस नाही. उणीव खरी असते आणि ती मुद्दाम भरून काढावी लागते.

पुढे मुख्य प्रशिक्षक झाल्यावरही स्थैर्य मिळते असे नाही. 1990 साली झॉफ यांच्या युव्हेंटसने मिलानला हरवून इटालियन चषक आणि फिओरेंतिनाला हरवून युएफा चषक, असे दोन चषक एकाच हंगामात जिंकले, आणि तरीही त्यांना निरोप देण्यात आला, कारण व्यवस्थापनाला निराळ्या शैलीचा प्रशिक्षक हवा होता. त्याच हंगामाच्या सुरुवातीस त्यांचे सहायक आणि जुने सहकारी गाएतानो शिरेआ पोलंडमध्ये प्रतिस्पर्धी संघाचा खेळ पाहून परतताना मोटार अपघातात गेले. सहायकाच्या कामात असे प्रवासही येतात, हे सहसा कोणी सांगत नाही. नंतर झॉफ लाझिओचे प्रशिक्षक झाले, मग त्याच क्लबचे अध्यक्ष झाले, आणि 1997 साली संघ अडचणीत आल्यावर अध्यक्ष असतानाच पुन्हा डगआऊटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या प्रशिक्षकाच्या बाकावर, जाऊन बसले.

1998 साली त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला. 2000 च्या युरोपियन स्पर्धेच्या तोंडावर पहिल्या पसंतीचे गोलरक्षक बुफॉन यांचा हात मोडला आणि फ्रांचेस्को तोल्दो यांना उभे करावे लागले. उपांत्य सामन्यात ॲमस्टरडॅमला नेदरलँड्सविरुद्ध इटलीचा एक खेळाडू पहिल्या अर्ध्यातच बाहेर काढला गेला. तोल्दो यांनी सामन्यात एक आणि शूटआऊटमध्ये आणखी दोन पेनल्टी अडवल्या. कधीकाळी स्वतः राखीव बाकावर विश्वचषक काढलेल्या प्रशिक्षकाने राखीव गोलरक्षकाला कसे तयार ठेवले असेल, याचा अंदाज बांधता येतो. अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध इटली भरपाईच्या वेळेपर्यंत आघाडीवर होता. व्हिल्टोरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ट्रेझेगेच्या गोलने सामना गेला. इटलीचे माजी पंतप्रधान आणि मिलान क्लबचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी फ्रान्सचा प्रमुख खेळाडू झिदान याच्यावर स्वतंत्र पहारा न ठेवल्याबद्दल जाहीर टीका केली आणि झॉफ यांनी लगोलग राजीनामा दिला. मला तो राजीनामा योग्य वाटतो. चूक काढणे हा टीकाकाराचा अधिकार असला तरी माणसाची किंमत काढणे हा नव्हे, आणि कोठे थांबायचे हे ठरवणेही या पेशाचा भाग आहे.

आता आपल्याकडचे. भारतात प्रशिक्षकाची वाट परवान्यांची आहे: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ई-सर्टिफिकेट, मग डी, सी, बी, ए आणि शेवटी आशियाई महासंघाचा प्रो डिप्लोमा. वरच्या पायऱ्यांवर दोन परवान्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा अनुभव मागतात, त्यामुळे ही वाट वर्षांची आहे. गोलरक्षक-प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र श्रेणी आहेत. मुलाला मॅनेजर व्हायचे असेल तर त्याने केवळ गोलरक्षणाच्या श्रेणी करून थांबू नये. मुख्य प्रवाहातील परवानेही घेत राहावेत. आतापासून करण्यासारखी दोन कामे आहेत. एक, तालमीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा सराव आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाच्या हाताखाली घ्यावा, आणि तोही गोलरक्षकांचा नव्हे, मैदानी खेळाडूंचा. दोन, स्वतःवर झालेल्या प्रत्येक गोलची वहीत नोंद करावी: चेंडू कोठे गमावला, कोणाची जागा सुटली, आपण काय ओरडून सांगितले आणि काय सांगायचे राहिले. ‘माझी चूक’ किंवा ‘बॅकची चूक’ एवढेच लिहिणे व्यर्थ आहे.

उंचीबद्दल एवढेच, की सोळाव्या वर्षी वाढ संपलेलीच असते असे नाही. बालरोगतज्ज्ञ हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय सांगू शकतात. ती तपासणी करून घ्यावी आणि उंची वाढवण्याच्या पावडरींवर एक रुपयाही घालवू नये. वाढ खरोखर थांबली असेल तर वरच्या पातळीवर गोलरक्षक म्हणून निवड होणे अवघड आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे लागेल. प्रशिक्षक होण्याच्या वाटेत मात्र उंची आडवी येत नाही.

राहिला आयटीआयचा प्रश्न. टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि संध्याकाळी मैदानावर जायला त्याने अडथळा येत नाही. आपल्या मुलाने आयटीआय करावे, असेच मला वाटते, परंतु आपणही त्यास फुटबॉलच्या बदल्यातला सौदा करू नये. शाहू स्टेडियमवर त्याचा सामना असेल त्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याची गरज लागणार नाही, असे आपण आधीच कबूल करावे. प्रवेश घेण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोन बाबी विचारून घ्याव्यात: आयटीआयला गेल्यास शालेय वयोगटाच्या शासकीय स्पर्धांत खेळण्याची त्याची पात्रता राहते का, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी कोणत्या स्पर्धांची प्रमाणपत्रे पडताळणीत ग्राह्य धरली जातात. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, तर अकरावीला प्रवेश घेऊन सुटीत वर्कशॉपमध्ये काम शिकण्याचा पर्याय खुला ठेवावा, आणि तो निर्णय मुलाला समोर बसवून घ्यावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक