ताळा जुळतो, मग चूक कुठे?

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. ३० ÷ ४ या उदाहरणात तिने भागाकार ६ आणि बाकी ६ असं लिहिलं आणि वहीत फुली मिळाली. तिचं म्हणणं, "बाबा, ताळा जुळतोय. ४ सक २४, त्यात ६ मिळवले की ३०. मग चूक कुठे आहे?" बाकी भाजकापेक्षा लहान असावी लागते, असा नियम आहे म्हणून सांगितलं. "पण का?" या प्रश्नावर मी गप्प झालो. तिला काय सांगू? – एक पालक

उत्तर : आधी तिची पाठ थोपटा. चौथीतली मुलगी आपणहून ताळा करून बघते आणि फुली मिळाल्यावर रडत न बसता कारण विचारते, याचा मला फार आनंद झाला. तिने लिहिलेलं खोटं नाही. ते अर्ध्यावर सोडलेलं आहे. हा फरक तिला कळायला हवा आणि तो नियम सांगून कळणार नाही.

तीस बटणं किंवा काड्या घ्या आणि चार वाट्या मांडा. प्रत्येक वाटीत एकेक टाकत तिला वाटू द्या. प्रत्येकीत सहा झाली की हात थांबवा. हातात सहा उरलेली असतील. विचारा, "वाटणी संपली का?" मग मात्र काही बोलू नका. ती स्वतःच आणखी एकेक टाकेल. आता प्रत्येक वाटीत सात आणि हातात दोन. चार वाट्यांना दोन बटणं सारखी पुरत नाहीत, म्हणून इथे थांबायचं. हातात चार किंवा जास्त असतील, तर आणखी एक फेरी होतेच. बाकी भाजकापेक्षा लहान असते ती यामुळे.

आता तिच्या ताळ्याकडे वळू, कारण तिचा मुद्दा पक्का आहे आणि त्याला पक्कंच उत्तर द्यायला हवं. ४ × ५ + १० सुद्धा ३० होतात. ४ × २ + २२ सुद्धा. इतकंच काय, काहीच न वाटता ४ × ० + ३० लिहिलं तरी ताळा जुळतो! नुसत्या ताळ्यावर गेलो तर एका उदाहरणाची आठ उत्तरं निघतील. "बाकी ४ पेक्षा लहान" ही अट घातली की त्यातलं एकच टिकतं : ७ आणि बाकी २. ही आठही उत्तरं तिलाच शोधू द्या.

मग पुढे ३१, ३२, ३३, ३४ यांना ४ ने भागायला सांगा. बाक्या येतील ३, ०, १, २. पुन्हा ३, पुन्हा ०. हे चक्र मुलांना भारी आवडतं.

तिसरीच्या वर्गात मी बटणं वाटायला दिली की एक मुलगा उरलेली बटणं गुपचूप खिशात टाकायचा. विचारलं तर म्हणाला, "बाई, उरली म्हणजे चुकलं ना?" त्याचा दोष नव्हता. आठवडेच्या आठवडे मी निःशेष भाग जाणारीच उदाहरणं देत होते. त्यानंतर मी पहिल्या दिवसापासून बाकी उरणारी उदाहरणं मिसळून देऊ लागले. घरी तुम्हीही तसंच करा.

आणि बाकी काढून झाली की तिचं काय करायचं, हेही विचारत जा. एका नावेत चार जण बसतात आणि माणसं तीस आहेत, तर नावा आठ लागतील; सात म्हटलं तर दोघं काठावर राहतील. तीस मीटर दोरीचे चार-चार मीटरचे तुकडे केले तर पूर्ण तुकडे सातच. तीच दोरी चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकाला साडेसात मीटर. आकडेमोड एकच, उत्तरं तीन. पुढे दशांश आले की बरीच मुलं "७ बाकी २" चं ७.२ करून टाकतात. तेव्हा ही दोरी आठवून द्या : उरलेले दोन मीटर चौघांत वाटले की अर्धा-अर्धा येतो, म्हणून ७.५.

बाकीचा माझा सगळ्यात लाडका उपयोग कॅलेंडरात आहे. ३६५ ला ७ ने भागलं की ५२ आठवडे होतात आणि बाकी १. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता, २०२४ ला सोमवार. २०२४ लीप वर्ष, ३६६ दिवसांचं, बाकी २. म्हणून १ जानेवारी २०२५ ला थेट बुधवार आला. तिला तिच्या पुढच्या वाढदिवसाचा वार कॅलेंडर न बघता काढायला सांगा. मध्ये २९ फेब्रुवारी येतो का, तेवढं मात्र तिने आधी तपासावं.