प्रतिबिंब ‘पडते’ की ‘उमटते’? ‘आरसा’ आणि ‘आदर्श’ यांच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे : ‘साहित्यात आणि कलेत त्या त्या काळाच्या संस्कृतीचे प्रतिबिंब पडते’ असे लिहावे, की ‘प्रतिबिंब उमटते’ असे? त्याला जोडूनच विचारले आहे की, साहित्याला आपण समाजाचा आरसा म्हणतो, त्या ‘आरसा’ शब्दाचे ‘आदर्श’ या शब्दाशी खरोखर काही नाते आहे, की तो नुसता ध्वनिसाम्याचा भास आहे?

दोन्ही क्रियापदे रूढ आहेत आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. तरीही या वाक्यापुरते मी ‘उमटते’ लिहीन. त्याचे कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराशी निगडित असल्याने दोन्हींचा विचार एकत्रच करतो.

‘पडणे’ या क्रियापदाला मराठीत इतके अर्थ आहेत की त्याचा एकच स्वभाव सांगणे धाडसाचे ठरेल. पाऊस पडतो, भाव पडतो, विसर पडतो, कपड्यावर डाग पडतो. मात्र उजेडाशी संबंध असलेल्या शब्दांबरोबर ते आले की त्याचा अर्थ बराच नेमका होतो. ऊन पडते, सावली पडते, कवडसा पडतो, पाण्यात चंद्राचे प्रतिबिंब पडते. यांपैकी काहीही कोणी मुद्दाम करत नाही आणि मूळ वस्तू दूर झाली की पडलेलेही नाहीसे होते. ‘उमटणे’चे तसे नाही. ओल्या मातीत पाऊल उमटते, कागदावर शिक्का उमटतो, मारल्यावर गालावर बोटे उमटतात. ज्याच्यावर उमटायचे ते येथे काहीतरी झेलते, आणि पाऊल पुढे गेले तरी खूण मागे राहते. शिवाय मनातला भाव चेहऱ्यावर उमटतो असेही आपण म्हणतो, म्हणजे आत असलेले वर येणे हीही छटा या क्रियापदात आहे.

आता आरशाकडे वळू. ‘आरसा’ हा ‘आदर्श’चाच तद्भव आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. संस्कृतात दृश् धातूवरून झालेल्या ‘आदर्श’ शब्दाचा एक ठळक अर्थ दर्पण असा आहे. प्राकृतात ‘र्श’ या जोडाक्षरात इकार शिरून ते सुटे झाले आणि मधला दकार लोपला. ‘आयरिस’ हे प्राकृत रूप हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात नोंदवले आहे. ‘वर्ष’चे ‘वरीस’ होते ते याच रीतीने, आणि ते तर बोलीत आजही कानांवर येते. ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके १२१२च्या सुमाराच्या मराठीत, ‘आरिसा’ हे रूप आहे, म्हणजे तो इकार तेव्हा शाबूत होता. पुढे तोही गळला आणि ‘आरसा’ उरला. गुजरातीतील ‘अरीसो’ आणि हिंदीतील ‘आरसी’ ही त्याची भावंडे.

‘आदर्श’ हा शब्द मात्र मराठीत तत्सम म्हणूनही वावरतो, आणि तेथे दर्पण हा अर्थ मागे पडून अनुकरणीय नमुना हा अर्थ पुढे आला आहे. मधला दुवा समजण्यासारखा आहे : ज्याच्याकडे पाहून आपले काम करायचे तो आदर्श. पोथीची नक्कल करताना समोर ठेवलेल्या मूळ पोथीलाही याच अर्थाने आदर्श म्हणतात. अशा रीतीने एकाच शब्दाची दोन रूपे आपल्याकडे नांदत आहेत. जसे आहे तसे दाखवतो तो आरसा आणि जसे असावे ते दाखवतो तो आदर्श. साहित्य आणि कला ही दोन्ही कामे करतात, आणि जुन्या काळाची संस्कृती त्यांच्यातून वाचू पाहणाऱ्याने आपल्यासमोर या दोहोंपैकी काय आहे हे प्रत्येक वेळी तपासायला हवे. शिलालेखातील प्रशस्तीत राजाला दानशूर म्हटले आहे, एवढ्यावरून तो खरोखर दानशूर होता असे सिद्ध होत नाही. त्या काळी राजाची स्तुती करायची तर त्याच्या दानशूरपणाची करावी लागे, हे मात्र सिद्ध होते, आणि संस्कृतीच्या अभ्यासकाला ही माहिती पहिलीपेक्षा अधिक मोलाची वाटावी.

‘आदर्श’चा जुना अर्थ ध्यानात नसला की वाचक कसा अडखळतो याचे परिचित उदाहरण भगवद्गीतेत आहे. तिसऱ्या अध्यायाच्या अडतिसाव्या श्लोकात ‘यथादर्शो मलेन च’ असे शब्द आहेत. धुराने अग्नी झाकला जावा, मळाने आरसा झाकला जावा, तसे कामाने ज्ञान झाकले जाते, असा तेथील आशय आहे. येथे थोडे थांबण्यासारखे आहे. आजच्या काचेच्या आरशावर धूळ बसते आणि फडक्याच्या एका हाताने ती जाते, पण प्राचीन काळचे आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. ते काळवंडत आणि पुन्हा पुन्हा उजळावे लागत. हे लक्षात घेतले म्हणजे त्या उपमेचा खरा जोर कळतो. श्लोकाला सांगायचे आहे ते ज्ञानाविषयी, आरशांविषयी काहीही सांगण्याचा तेथे हेतू नाही, आणि तरीही त्या काळचे एक वापरातले साधन आपल्या मळासकट तेथे उमटून गेले आहे. मला स्वतःला असे वाटते की, उपमेय कवी विचारपूर्वक निवडतो, पण उपमान बहुतेक वेळा त्याच्या हाताशी असलेल्या जगातून आपसूक येते, म्हणून काळाची साक्ष उपमानात अधिक विश्वासार्ह सापडते.

साहित्याला आरसा म्हणण्याची कल्पना केवळ पाश्चात्त्य समीक्षेतून आली असा समज आहे, तोही येथे दूर करायला हवा. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या ग्रंथाचे नावच ‘काव्यादर्श’ आहे. त्याचा अर्थ काव्याचा आरसा असा आहे, आदर्श काव्य असा नव्हे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’चेही नाव त्याच घडणीचे. ही नावे शास्त्रग्रंथांची आहेत, त्यांत पाहायचे ते काव्य. परंतु दंडी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच, पाचव्या श्लोकात, वाङ्मयालाही आरसा म्हणतो : पूर्वीच्या राजांच्या यशाचे बिंब वाङ्मयरूपी आरशात पोचले आणि आता ते राजे जवळ नसतानाही ते नष्ट होत नाही, पाहा. सामान्य आरशात जे कधी घडत नाही ते या आरशात घडते. समोरचा माणूस निघून गेला तरी त्याचे बिंब आत राहते. म्हणूनच ‘पडते’पेक्षा ‘उमटते’ मला येथे अधिक नेमके वाटते.

चित्रकलेतील एक आरसा या संदर्भात पाहण्याजोगा आहे. यान व्हान आइकचे आर्नोल्फिनी दांपत्याचे १४३४ सालचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागच्या भिंतीवर एक लहान, गोल, फुगीर आरसा रंगवला असून, त्यात पतिपत्नींच्या पाठी आणि दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्ती दिसतात. तो आरसा फुगीर आहे, कारण मोठी सपाट काच आरशासाठी सहज मिळण्याचा तो काळ नव्हता. खिडकीपाशी संत्री ठेवली आहेत. त्या थंड प्रदेशात ती दुरून येत आणि महाग पडत, त्यामुळे ती घरातील सुबत्ताही सांगतात. आरशाच्या वरच्या बाजूला चित्रकाराने लॅटिनमध्ये ‘यान व्हान आइक येथे होता’ असे साल घालून लिहिले आहे. त्या खोलीत तेव्हा जे काही प्रतिबिंब पडले असेल ते त्याच दिवशी विरले, चित्रात उमटले ते राहिले.

वाक्याविषयी आणखी एक सूचना. जुन्या काळाविषयी लिहिताना ‘समकालीन संस्कृती’ म्हटले तर आपल्याशी समकालीन की त्या कृतीशी, असा घोटाळा होतो, तेथे ‘तत्कालीन’ लिहावे. ‘प्रतिबिंब’ऐवजी ‘पडसाद’ही चालेल, विशेषतः एखाद्या युद्धाचा किंवा दुष्काळाचा परिणाम सांगायचा असेल तेव्हा. त्यातील ‘पड’ पाहून तो शब्द ‘पडणे’वरून आला असावा असे वाटते, परंतु हा ‘पड’ म्हणजे ‘प्रति’. ‘प्रतिशब्द’चे प्राकृतात ‘पडिसद्द’ झाले आणि त्यापासून ‘पडसाद’, जसे ‘प्रतिच्छाया’पासून ‘पडछाया’. आणि पडसादांच्या बाबतीत क्रियापदाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण ‘पडसाद पडतात’ असे मराठीत क्वचितच कोणी लिहिते, ते बहुधा उमटतातच.