डोमेन घेतलं आणि मेलबॉक्स भरला

डोमेनच्या नोंदीत दिलेला ईमेल पत्ता आणि त्यावर कोसळणाऱ्या जाहिराती, या विषयावरचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मागच्या आठवड्यात डॉट कॉम डोमेन घेतलं. दुसऱ्याच दिवसापासून ‘वेबसाइट बनवून देतो’, ‘लोगो करून देतो’, ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणतो’ असे मेल सुरू झाले. हा पत्ता मी फक्त रजिस्ट्रारला (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीला) दिला होता. म्हणजे त्यानेच विकला ना?

उत्तर: विकला असेलही, पण आळ घेण्याआधी तो पत्ता आपणच कुठे उघड्यावर ठेवलेला नाही ना, ते बघा.

डोमेनधारकाचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल कोणालाही वाचता यावा, अशीच ‘हूइज’ या नोंदवहीची मूळ रचना होती. एखाद्या डोमेनवरून बिघाड झाला तर जबाबदार माणूस सापडावा, हा त्यामागचा हेतू. विचारणाऱ्याला खातं लागत नसे, ओळख द्यावी लागत नसे. हूइज सर्व्हरच्या पोर्ट ४३ या ठरलेल्या वाटेवर डोमेनचं नाव पाठवलं की साध्या मजकुरात उत्तर हजर. जाहिरातदारांना आयतं कुरण मिळालं. व्हेरिओ ही कंपनी रोज नव्या डोमेनधारकांची माहिती यंत्राकरवी उपसून त्यांना मेल आणि फोन करत होती. रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारने तिला न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचलं. २००० मध्ये मिळालेला मनाईहुकूम २००४ मध्ये अपिलातही टिकला. पुढे २००७ मध्ये आयकॅनच्या (डोमेन-व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) सुरक्षा समितीने चाचणी पत्ते वापरून तपासणी केली आणि हूइजमध्ये दिसणाऱ्या पत्त्यावर स्पॅम येणार हे जवळपास ठरलेलंच, असं म्हटलं.

मेल इतक्या लगेच कसे येतात, याचं उत्तर झोन फाइलींमध्ये आहे. डॉट कॉमसारख्या विभागातल्या चालू डोमेनांची ही यादी अर्ज करणाऱ्याला रोज मिळते. आजची यादी कालच्या यादीशी ताडली की नवी नावं वेगळी निघतात. त्या यादीत ईमेल नसतो, फक्त डोमेन आणि त्याचे नेमसर्व्हर (ते डोमेन कुठे आहे हे सांगणारे सर्व्हर) असतात. ईमेल मिळवायला एकेका नावाची नोंद उघडावी लागते.

२५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि बहुतेक रजिस्ट्रारांनी व्यक्तींचे तपशील झाकले. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसारख्या विभागांत हूइज चालवण्याची सक्तीही २८ जानेवारी २०२५ पासून उठली. आता तिथे हीच माहिती विचारायची आरडॅप ही नवी पद्धत आहे. तेव्हा आयकॅनच्या लुकअप पानावर जाऊन आपलं डोमेन टाका. रजिस्ट्रंट (डोमेनधारक) आणि टेक्निकल (तांत्रिक संपर्क) हे दोन्ही भाग वाचा, कारण पहिला झाकलेला आणि दुसरा उघडा असं होतं. देशांच्या विभागांचे नियम मात्र ज्याचे त्याचे. डॉट यूएसमध्ये तर नाव झाकून देणारी सेवा घ्यायलाच २००५ पासून बंदी आहे.

नोंद कोरी निघाली, तर दुसरी भोकं शोधा. डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी सार्वजनिक यंत्रणा. तिच्यातल्या एसओए या मूळ नोंदीत एक ईमेल पत्ता असतोच. त्यात अॅटच्या चिन्हाऐवजी टिंब असतं, म्हणून तो नजरेतून सुटतो. डीमार्कचे (तुमच्या डोमेनच्या नावाने खोटे मेल जातात का, ते कळवणाऱ्या व्यवस्थेचे) अहवाल जिथे मागवलेत तो पत्ताही डीएनएसमध्ये उघडा असतो. शिवाय साइटसाठी सुरक्षा प्रमाणपत्र घेतलं की डोमेनचं नाव सार्वजनिक सर्टिफिकेट लॉगमध्ये जातं. मग इन्फो, अॅडमिन, सेल्स अशी ठरावीक नावं जोडून मेल सोडले जातात. तिथे कोणी काही फोडलेलं नसतं, निव्वळ अंदाज असतो. मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबतच्या तांत्रिक ओळींत) ‘डिलिव्हर्ड-टू’ पाहा. तिथे तुम्ही कधी न बनवलेला पत्ता दिसला, तर तुमचा मेलबॉक्स ‘कॅच-ऑल’ आहे, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही नावाचा मेल तो आत घेतो. तो प्रकार बंद करा. निम्मा कचरा तिथेच थांबेल.

यातलं काहीच नसेल, तर मात्र रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन ‘भागीदारांच्या ऑफर’ची खूण आधीपासून केलेली आहे का, ते बघा.

प्रश्न: प्रायव्हसी सेवा सुरू करून सहा महिने झाले. आता नोंदीत माझा पत्ता दिसत नाही, तरी मेल थांबत नाहीत. सेवेचा उपयोग काय?

उत्तर: पुढच्यासाठी आहे, मागच्यासाठी नाही. जुन्या हूइज नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि एकदा उचललेला पत्ता यादीतून यादीत फिरत राहतो. सेवेने दार लावलं, पण चोर आधीच किल्लीचा ठसा घेऊन गेलेला. (थोडे मेल झाकलेल्या नोंदीतूनही येतात: धारकाशी संपर्क साधता यावा म्हणून तिथे फॉर्म किंवा पुढे पाठवणारा पत्ता द्यावाच लागतो.) म्हणून नुसतं झाकू नका, पत्ताच बदला. तोही क्रमाने, कारण इथेच लोक फसतात.

आधी नवा पत्ता तयार करा. तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत चुकून संपली तर मेलही बंद पडतो, आणि मुदत संपल्याची सूचना नेमकी त्याच बंद पत्त्यावर येते. नावाशी संबंध नसलेला, अंदाज न लागणारा शब्द निवडा. नेहमीच्या पत्त्याला अधिक चिन्ह लावून काढलेला पोटपत्ता इथे कुचकामी, कारण पत्ते गोळा करणारे तो भाग कापून टाकतात. प्रत्येक डोमेनला वेगळा पत्ता देण्याचा उत्साहही आवरा. एका रजिस्ट्रारसाठी एक पुरतो. दहा मेलबॉक्स झाले की त्यातले सात कोणी उघडत नाही.

मग रजिस्ट्रारकडे बदल करा. १ डिसेंबर २०१६ पासूनच्या आयकॅनच्या नियमानुसार धारकाचा ईमेल बदलणं हा ‘धारकबदल’ धरला जातो. त्याची संमती जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर मागितली जाऊ शकते. कंटाळून जुना मेलबॉक्स आधीच मोडीत काढला असेल, तर बदल अडकतो. शिवाय बदलानंतर डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर ६० दिवसांचं कुलूप बसतं. ते नको असल्याचं बदलाआधी सांगण्याची सोय काही रजिस्ट्रार देतात, सगळे नाही. तेव्हा रजिस्ट्रार सोडायचा विचार असेल, तर आधी डोमेन हलवा, पत्ता नंतर बदला.

नव्या पत्त्यावर पडताळणीचा दुवा येतो. तो १५ दिवसांत दाबला नाही, तर रजिस्ट्रारने डोमेन थांबवणं अपेक्षित आहे, आणि डोमेन थांबलं की साइट आणि त्यावरचे मेल दोन्ही बंद. ‘कालपर्यंत चालू होतं’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हाच न दाबलेला दुवा असतो. स्पॅमचा फोल्डरही तपासा.

जुना पत्ता वर्षभर तरी जिवंत ठेवा. रजिस्ट्रारच्या मेल-डोमेनला फिल्टरमध्ये मुभा द्या आणि विषयात तुमच्या डोमेनचं नाव असलेले बाकीचे मेल एका फोल्डरात वळवा. पुसू नका, महिन्यातून एकदा नजर टाका.

प्रश्न: त्यापेक्षा खोटाच ईमेल दिला तर?

उत्तर: देऊ नका. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली, किंवा ती खरी आहे का या रजिस्ट्रारच्या विचारणेला १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन रोखता किंवा रद्द करता येतं. स्पॅम टाळायला डोमेन गमावण्यात हशील नाही.

प्रश्न: ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, आजच भरा’ असा मेल आला. नाव, तारीख दोन्ही बरोबर आहेत. खरा कसा ओळखायचा?

उत्तर: नाव आणि तारीख बरोबर असणं हा पुरावाच नव्हे. मुदतीची तारीख सार्वजनिक नोंदीत आजही उघडी असते, प्रायव्हसी घेतली तरीही. नियमाप्रमाणे रजिस्ट्रारकडून मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि नूतनीकरण न झाल्यास मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना येतात. चार महिने आधी आलेली ‘अंतिम सूचना’ म्हणूनच संशयास्पद.

मजकूर शेवटपर्यंत वाचा. बारीक अक्षरांत बहुधा ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असतं, किंवा पैसे सर्च इंजिनात नोंद करून देण्याचे असतात. डोमेनशी त्याचा संबंध नसतो. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा: ‘नूतनीकरण’ म्हणून तुमच्याकडून डोमेन भलत्याच रजिस्ट्रारकडे हलवण्याची संमती घेतात. तिसऱ्यात ‘अमुक कंपनी तुमचं नाव दुसऱ्या देशाच्या विभागात नोंदवू पाहते आहे’ अशी भीती घालून तीच नावं तुमच्या गळ्यात मारतात.

मेलमधल्या दुव्याला हातच लावू नका. ब्राउझरमध्ये रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करा, खात्यात तारीख बघा आणि तिथूनच भरा. कोणाकडे डोमेन आहे हेच आठवत नसेल, तर आयकॅनच्या लुकअपमध्ये ‘रजिस्ट्रार’ची ओळ वाचा. हस्तांतराचं कुलूप लावलेलं आहे याचीही तिथेच खात्री करा.

प्रश्न: अनसबस्क्राइब दाबावं की नाही? कोणी म्हणतं, दाबलं की आणखी मेल येतात. आणि असे मेल कायद्याला चालतात का?

उत्तर: पाठवणारी कंपनी खरी असेल, तर दाबा. तेही मेलच्या पोटातल्या दुव्यापेक्षा मेल प्रोग्रामने पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिलेलं बटण बरं. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल धाडणाऱ्यांना प्रचाराच्या मेलमध्ये ही एका टिचकीची सोय द्यावी लागते. बेनामी मेलला मात्र उत्तरही देऊ नका, बटणही दाबू नका. ‘पत्ता चालू आहे’ एवढीच बातमी तिथून परत जाते. स्पॅमची खूण करा आणि पुढे चला.

कायद्याचं उत्तर पाठवणारा आणि तुम्ही कुठे आहात त्यावर आहे. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी परवानगी लागत नाही, पण मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा आणि नकार कळवल्यावर कामाच्या १० दिवसांत मेल थांबले पाहिजेत. कायदा मोडणाऱ्याने पत्ते यंत्राने उपसून गोळा केलेले असतील, तर गुन्हा अधिक गंभीर धरतात. जीडीपीआर लागू असेल तिथे दोनच ओळी लिहा: ‘माझा पत्ता कुठून मिळाला ते सांगा. थेट जाहिरातीला माझा आक्षेप आहे.’ उत्तर साधारण महिन्याभरात द्यावं लागतं, आणि आक्षेपानंतर त्या कामासाठी तुमची माहिती वापरता येत नाही.

तक्रार करायची तर मेलचं पूर्ण हेडर लागतं. ‘रिसिव्ह्ड’च्या ओळी वरून खाली वाचा. तुमच्या स्वतःच्या मेल सर्व्हरने लिहिलेली ओळ विश्वासाची. तिच्याखालच्या ओळी पाठवणारा बनवून घालू शकतो. त्या विश्वासाच्या ओळीतला आयपी पत्ता आरडॅपमध्ये टाका. नेटवर्कच्या मालकाचा तक्रारीसाठीचा पत्ता बहुधा तिथे मिळतो. मेल फॉरवर्ड केला की मूळ हेडर हरवतं, म्हणून तक्रारीसोबत तो जोडपत्र म्हणून पाठवा.