काका, तुम्ही नेमकं कोणतं औषध सोडलंत?

‘मॅडम, ही कॅप्सूल आता जन्मभर का? लिव्हर जाईल म्हणतात. चार दिवस बंद ठेवली तर चालेल ना?’ ठाण्यात हृदयरुग्णांचं समुपदेशन करताना ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) यांच्या जोड कॅप्सूलबद्दल हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकाची गोष्ट सविस्तर सांगितलेली बरी. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

नौपाड्यातले काका, वय ६१. दोन वर्षांपूर्वी हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट घातलेला. रोज रात्री जेवणानंतर एक कॅप्सूल.

‘औषध नियमित?’

‘एकदम.’

काकूंनी काही न बोलता पिशवीतून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. १५ कॅप्सूलची स्ट्रिप, महिना होत आला तरी त्यात चार शिल्लक.

इथे बहुतेक जण रागावतात, नाहीतर घाबरवतात. दोन्हीचा परिणाम आठवडाभर टिकतो. औषध टाळणाऱ्याच्या डोक्यात एक सरळ हिशेब असतो आणि तो त्याच्या दृष्टीने बरोबरच असतो, असं मी धरून चालते. तो हिशेब कागदावर आला की अर्धं काम झालं.

‘घेतली की काय होतं, काका?’

‘पोटरी भरून येते. स्टेशनचा पूल चढताना तर फारच. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात ना? म्हणून दिवसाआड.’

मी कोरा कागद पुढे केला. ‘स्ट्रिपच्या मागे काय लिहिलंय ते उतरवा.’ चष्मा लावून त्यांनी लिहिलं: ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम. खाली, ॲटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम.

‘भीती यातल्या कशाची?’

त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोट हळूच वर सरकलं. ‘आणि ही?’

‘ही स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून.’

बराच वेळ ते बोललेच नाहीत. ‘म्हणजे पायासाठी मी स्टेंटचंही औषध सोडत होतो?’

इतकी वर्षं हे काम करूनही या शांततेची मला सवय झालेली नाही. व्याख्यानाने जे झालं नसतं ते त्यांच्याच हस्ताक्षरातल्या दोन ओळींनी केलं. जोड कॅप्सूलची सोय मोठी, पण तिची अडचणही तीच: अर्धी भीती वाटली तरी पूर्ण कॅप्सूल सुटते. आणि सुटली तरी दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही. ॲस्पिरिनने निकामी केलेली प्लेटलेट तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर तशीच राहते; रोज साधारण दहावा हिस्सा नव्या येतात आणि कवच असं हळूहळू, गुपचूप विरत जातं.

मग वही. दुखलं की चार गोष्टी लिहायच्या: काय करताना, कोणता पाय, किती वेळ, थांबल्यावर काय झालं. दोन आठवड्यांनी नोंदींत एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: उजवी पोटरी, चढताना, थांबलो की दोन मिनिटांत बरं. स्टॅटिनचं दुखणं सहसा असं नसतं. ते दोन्ही बाजूंना, मांड्या-पोटऱ्यांत, बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं आणि बसल्यावर लगेच जात नाही. वही डॉक्टरांकडे गेली. त्यांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९० पटीहून कमी आला, म्हणजे पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा. त्यावरही उपचार ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि नेमाने चालणं हाच. ज्या औषधावर खापर फोडलं, तेच पायालाही हवं होतं. काका हसले, जरा ओशाळून.

दुखणं खरंच स्टॅटिनचं वाटलं, तर डॉक्टर सीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) करतात, दोन्ही औषधं वेगळी लिहून देतात आणि स्टॅटिनच काही आठवडे थांबवून बघतात. त्रास सोसेना म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर इंग्लंडमध्ये झालेला ‘सॅमसन’ हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या नकली गोळीवरही तसाच होता. याचा अर्थ त्रास खोटा असा मुळीच नाही. पण दोष कोणाचा, हे तपासल्याशिवाय ठरवू नये. अंग सगळीकडे दुखून लघवी कोकच्या रंगाची झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. शौच डांबरासारखं काळं झालं तरीही, कारण ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, तेव्हा ती चालू असेल तर आधी सांगा.

पावसाळ्यात आमच्याकडे तीन चुका हटकून दिसतात. ताप आला की लोक घरातली आयबुप्रोफेन घेतात. ती ॲस्पिरिनचं काम अडवते आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढवते. तापाला पॅरासिटामॉल. पण डेंग्यूच्या दिवसांत ‘मी ॲस्पिरिनवर आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. प्लेटलेट पाहून पुढचं ते ठरवतील. दुसरी चूक गजकर्णाचं औषध न सांगता घेण्याची. त्यावरच्या इट्राकोनॅझोलने रक्तातलं ॲटोर्वास्टॅटिन वाढतं, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनेही. अशा वेळी डॉक्टर स्टॅटिन थांबवतील, तर ॲस्पिरिन वेगळी मागून घ्या, कॅप्सूल आपली आपण बंद करू नका. तिसरी, स्ट्रिपमधून काढून डबीत भरणं. दमट हवेत ॲस्पिरिन विघटते आणि व्हिनेगरसारखा वास येतो. वास आला की फेकायची.

बाकी साधं आहे. जेवणानंतर, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची, उघडून नाही. ॲटोर्वास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही वेळी चालते, तेव्हा विसर पडणार नाही अशी वेळ निवडा. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन नकोत. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा. रक्त पातळ करणारं औषध म्हणून नुसती ॲस्पिरिनच चालू असेल, तर ती सहसा थांबवावी लागत नाही. केमिस्टने नाव बदलून दिलं तर मागचे घटक वाचा. जुनी आणि नवी, दोन्ही एकाच औषधाच्या आणि दोन्ही चालू, असे रुग्ण येतात.

शेवटच्या भेटीत काका वही बंद करत होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘मग मीही यांच्यातलीच एक घेत जाऊ? हृदयाला चांगली ना?’

‘तुम्हाला कधी अटॅक, स्टेंट, पक्षाघात?’

‘छे.’

‘मग नको. आजार नसताना साठीनंतर स्वतःहून ॲस्पिरिन सुरू केली, तर फायद्यापेक्षा पोटातल्या रक्तस्रावाची भीती जास्त. तुमचं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलंत?’

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी वही पुन्हा उघडली आणि कोऱ्या पानावर काकूंचं नाव लिहिलं.