ठाण्यातल्या जुन्या दगडी वसतिगृहाच्या भिंतींना ठेकेदार सिमेंटचा गिलावा सुचवतोय. करावा का?

अजिबात करू नका. चुन्यात बांधलेली दगडी भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि नंतर हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आतच मुरते, चुना भुसभुशीत होतो आणि लाकडी तुळयांची टोकं कुजतात. भिंतीत शिरलेलं प्रत्येक टोक आधी उघडं करून बघा. पेचकस सहज आत रुतला तर तो भाग बदलायलाच हवा. गिलावा चुन्याचाच.

30 वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम 265-अ नुसार स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे. त्यात सी-2अ शेरा (इमारत रिकामी करून दुरुस्ती) आला तर आधी मुलांना दुसरीकडे हलवा. सी-2ब असेल तर इमारत रिकामी न करताही दुरुस्ती चालते, तरी तोडफोड मे महिन्याच्या सुट्टीतच उरका, मुलांच्या डोक्यावर नको.