शेजारच्या सीटवरचा अनोळखी प्रवासी

प्रश्न : कामानिमित्त मला वरचेवर विमानाने जावे लागते. शेजारच्या माणसाशी बोलावेसे वाटते, पण ते त्याला आगाऊपणाचे वाटेल या भीतीने मी गप्प राहतो. सुरुवात कशी करावी आणि समोरच्याला बोलायचे नाही हे कसे ओळखावे?

उत्तर : आपला संकोच स्वाभाविक असला, तरी तो बराचसा चुकीच्या अंदाजावर उभा आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोमधील लोकल गाड्यांच्या आणि बसच्या प्रवाशांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, तर काहींना एकटेच बसायला. आधी अंदाज विचारला तेव्हा एकटे बसणेच सुखाचे ठरेल, असे लोकांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ज्यांनी गप्पा मारल्या, त्यांचा प्रवास अधिक आनंदात गेला. अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला कितपत आवडलो याचा अंदाजही माणसे वास्तवापेक्षा कमीच बांधतात, असे २०१८ सालच्या दुसऱ्या एका संशोधनात दिसून आले.

मात्र हे निष्कर्ष विमानाला जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे मत आहे. लोकलमध्ये कंटाळा आला तर माणूस दाराशी जाऊन उभा राहू शकतो. विमानात दोघेही पट्टा बांधून बसलेले असतात आणि खिडकीकडच्या प्रवाशाला नुसते उठायचे असले, तरी आपल्याला वाट द्यायला सांगावे लागते. त्यामुळे येथे संभाषण सुरू कसे करावे यापेक्षा ते सहज संपवता कसे येईल, याचा विचार आधी करावा. बसताना नमस्कार करावा, बॅग वर ठेवायला हात द्यावा, ‘आपण तिथेच राहता की पुढे जाणार आहात?’ एवढे विचारावे आणि मग आपणहून थांबावे. या थांबण्यानेच आपण चिकटणाऱ्यांपैकी नाही, याची खात्री शेजाऱ्याला पटते आणि पुढचा शब्द त्याच्याकडून येण्याची शक्यता वाढते. मोकळ्या गप्पांसाठी खाण्याचे ट्रे येतात ती वेळ किंवा विमान उतरू लागल्यानंतरची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे उत्तम, कारण तेव्हा लॅपटॉप मिटलेले असतात आणि संभाषणाचा शेवट कोणालाही न दुखावता आपोआप होणार असतो.

नकार ओळखणे तुलनेने सोपे आहे. कानात हेडफोन किंवा डोळे मिटलेले असतील, तर प्रश्नच उरत नाही. एरवी शेजारी बसलेल्या माणसांची नजरानजर फारशी होत नसल्यामुळे चेहऱ्यापेक्षा खांद्याकडे लक्ष द्यावे : बोलण्याची इच्छा असलेला माणूस थोडा तरी आपल्याकडे वळतो आणि उलट काहीतरी विचारतो. दोनदा उत्तर मिळाले, पण उलट प्रश्न एकही आला नाही, तर तेथेच थांबावे. त्याशिवाय, उड्डाणातही केबिनमध्ये सुमारे ८० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असतो. त्यावर मात करायला आपण स्वर चढवतो आणि मागच्या-पुढच्या रांगांनाही आपले संभाषण ऐकावे लागते. (बॉम्ब किंवा अपघात यांवरचे विनोद तर कटाक्षाने टाळावेत. सुरक्षा कर्मचारी ते विनोद म्हणून घेत नाहीत.)

कधी कधी शेजारी अनपेक्षितपणे मन मोकळे करू लागतो, त्याचेही आश्चर्य वाटू देऊ नये. परक्या माणसाला लोक जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी सांगतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ सालीच नोंदवून ठेवले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी पुढे बोस्टनच्या विमानतळावर, विमानाची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवरच याचे प्रयोग केले आणि १९७५ साली ते प्रसिद्ध केले. एकाने स्वतःविषयी थोडे सांगितले की दुसराही सांगतो, पण या देवघेवीला मर्यादा असते, असे त्यांना आढळले. म्हणून ऐकावे, पण पगार, लग्न, आजारपण हे विषय आपण होऊन काढू नयेत.

प्रश्न : माझी अडचण उलट आहे. मी एकटीने प्रवास करते आणि शेजारचा प्रवासी बोलायचे थांबतच नाही. उद्धट न होता त्याला कसे थांबवावे?

उत्तर : इशारे देत बसू नये. दोघांनाही हवे त्याच क्षणी संभाषण संपणे अतिशय दुर्मिळ असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे जेमतेम दोन टक्के संभाषणांत घडलेले आढळले, कारण माणसे आपली इच्छा एकमेकांपासून लपवतात. ‘आपल्याशी बोलून बरे वाटले, आता मी थोडा वेळ वाचते,’ असे स्वच्छ सांगून पुस्तक उघडावे. त्यासाठी कारण देण्याची किंवा क्षमा मागण्याची गरज नाही. कोठे उतरणार, घ्यायला कोण येणार, अशा प्रश्नांना खरे उत्तर देणे बंधनकारक नाही. ‘घरचे येणार आहेत’ एवढे पुरे. त्यानंतरही तो थांबत नसेल किंवा अंगचटीला येत असेल, तर डोक्यावरचे बटण दाबून केबिन कर्मचाऱ्यांना बोलवावे किंवा सरळ उठून त्यांच्याकडे जावे आणि दुसरी सीट मागावी. विमान भरलेले असले, तरी ते एखाद्या प्रवाशाला विचारून अदलाबदल करू शकतात. असे प्रसंग हाताळणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे विमान उतरेपर्यंत वाट पाहू नये.