बीटल्सचं 'अ‍ॅना' नेमकं कुणाचं?

प्रश्न : बीटल्सच्या पहिल्या अल्बमवरच्या 'अ‍ॅना' गाण्याखाली अलेक्झांडर असं नाव दिसतं, हा कोण? - एक वाचक, सातारा

उत्तर : आर्थर अलेक्झांडर! अमेरिकेतल्या अलाबामाचा, जन्म १९४०. हॉटेलात बेलबॉयचं काम करत गाणी लिहायचा, आणि १९६१ मध्ये तंबाखूच्या जुन्या गोदामात थाटलेल्या स्टुडिओत त्याने 'यू बेटर मूव्ह ऑन' रेकॉर्ड केलं. या स्टुडिओचं, म्हणजे फेमचं, हे पहिलं हिट, या गाण्याच्याच कमाईतून स्टुडिओचा मालक रिक हॉलने नवा स्टुडिओ बांधला आणि पुढे अलाबामातल्या मसल शोल्स या गावाचं नाव जगभर झालं, पण पाया घालणारा मात्र मागेच राहिला ना.

बीटल्स, रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन, तिघांनीही त्याची गाणी गायलीत. मला विचाराल तर मूळ 'अ‍ॅना'च ऐका, म्हणजे लेननने जीव तोडून गायलंय हे मान्यच, पण अलेक्झांडर आवाज चढवतच नाही, प्रेयसीला शांतपणे जा म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं हो. सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण गाणं, त्यात कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण गाण्यांचा, असा साधेपणा आणणारे फार कमी.

मधे १९७५ मध्ये एक छोटं हिट आलं, मग गाणं सुटलं आणि क्लीव्हलंडमध्ये तो बस चालवायला लागला. १९९३ मध्ये 'लोनली जस्ट लाइक मी' हा नवा अल्बम आला, सुंदर आहे, नक्की ऐका, लोक परत वळून बघायला लागले आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला, फक्त ५३ वर्षांचा होता.